सात महिने मुकी

मला मालवणी समजायला तीन महिने लागले, आणि मला ती समजते हे घरच्यांना कळायला सात. मधले चार महिने माझ्या लहानपणातले सगळ्यात मजेचे होते, असं मी म्हटलं की माझी मुलगी कपाळाला हात लावते. तिला वाटतं, परक्या देशातून आणलेली आठ वर्षांची पोर, तोंडातून शब्द नाही, सगळं गाव टकामका बघतंय, म्हणजे बिचारी रडून रडून अर्धी झाली असणार. रडले की. पण ते पहिल्या महिन्यात. नंतर रडायला वेळच नव्हता, ऐकायला इतकं होतं.

आधीचं थोडक्यात सांगते, कारण त्या भागात मला फार रमायचं नाही. बाबा समुद्राच्या पलीकडे, टांझानियात, काजूच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. जिने मला जन्म दिला ती तिथेच काजू सोलायला होती. ती तापात गेली आणि तिच्यामागे माझं असं कुणी उरलं नाही. आईबाबांना मूल नव्हतं. मी आधी त्यांच्या ओट्यावर जेवायला लागले, मग घरात झोपायला लागले, मग त्यांचीच झाले. कुठल्या कागदावर कुणाकुणाच्या सह्या झाल्या हा पुढे बाबांचा आवडता विषय होता, माझा नाही. दोन वर्षं आम्ही तिघं माझ्या भाषेत, म्हणजे स्वाहिलीत बोलत होतो. बाबांची स्वाहिली कारखान्यातली, नटबोल्टांची आणि शिव्यांची. आईची बाजारातली, घासाघीस करायची. त्या दोन्हींच्या मध्ये माझं छान चाललं होतं. मग कारखाना बंद पडला, आणि आम्ही तिघं दोन ट्रंका आणि एक शिलाई मशीन घेऊन बाबांच्या गावी आलो. मालवणहून एसटीने पाऊण तास, आणि पुढे माडांतून चालत.

घर आतेचं. म्हणजे कागदावर बाबांचं, पण चुलीपासून विहिरीपर्यंत सगळं आतेचं. ती बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. चाळीस माड, काजूची बाग, कपिली नावाची एक तिरसट गाय आणि आता आम्ही तिघं, एवढा तिचा कारभार. आवाज असा, की ती परसात कपिलीवर ओरडली की खाडीपलीकडची माणसं आपापली गुरं बघायला उठायची. पहिल्या दिवशी तिने मला अंगणात उभी केली, डोक्यापासून पायापर्यंत बघितली आणि आईला म्हणाली, "आंगार मास नाय गो ह्या चेडवाच्या. आदी पेज वाड तेका." मला एक अक्षर कळलं नाही, चेडू म्हणजे पोर हेसुद्धा नाही. पण पुढ्यात उकड्या तांदळाच्या पेजेचा वाडगा आला, वर खोबऱ्याची कातळी, आणि बाजूला चुलीत भाजलेला खारा बांगडा. मी तो काट्यांसकट चाटून पुसून खाल्ला. आतेने दुसरा टाकला. मी तोही खाल्ला. बाई ओरडते खूप पण हात सढळ आहे, एवढं माझ्या लक्षात आलं.

पहिला आठवडाभर आमच्या अंगणात जत्रा भरली होती. लोक चहाच्या निमित्ताने यायचे आणि माझा रंग आणि केस बघून जायचे. बघा बापडे! मीही त्यांना बघत होते, मला तरी इतकी नाकं एका जागी कुठे बघायला मिळाली होती? केसांचं मात्र प्रकरण झालं. आतेला वाटलं, आईला पोरीचे केस विंचरता येत नाहीत. तिने मला दोन पायांच्या बेचक्यात दाबून बसवलं, वाटीभर खोबरेल ओतलं आणि फणी घातली. फणी मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. "ह्ये केस नाय," आते घाम पुसत म्हणाली, "काथो आसा, काथो!" आई पदराआड हसत होती. मग तिने मला जवळ घेतलं आणि तिकडे शिकली होती तशा बारीक ओळी पाडून दहा मिनिटांत वेण्या घातल्या. आते बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या वेण्या शिकायला घेतल्या. मानेला हिसके देत शिकली, पण शिकली.

आतेची आणि माझी दोस्ती झाली ती नारळावर. आमच्याकडे तिकडे नारळ खोवायचं एक बुटकं लाकडी बसकं असतं, पुढे दातेरी पातं. त्याच्यावर घोड्यावर बसतात तसं बसायचं आणि खोवायचं. त्याला आम्ही 'म्बुझी' म्हणतो, म्हणजे बकरी. आतेची खोवणी तशीच होती, फक्त ती तिच्यावर एक पाय मुडपून, सभ्यपणे बसायची. एका सकाळी ती गाय बघायला गेली आणि मी तिच्या खोवणीवर सरळ स्वार झाले. ती परत आली तेव्हा परातीत दोन नारळांचा कीस होता, पांढरा शुभ्र, करवंटीचा एक काळा कण नाही. आते कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग खाली बसली, कीस चिमटीत घेऊन बघितला, आणि तिसरा नारळ फोडून माझ्या हातात दिला. आजही मी तशीच बसते. जावई घरी आला की मुलगी मला डोळ्यांनी खुणा करते, पण मी उठत नाही.

आता ज्याने मी मुकी झाले त्या हुकमाबद्दल. मला शाळेत घातलं आणि हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं. हेडमास्तर गावात एकटेच पुस्तकातलं मराठी बोलायचे, अगदी बायकोशीसुद्धा. ते म्हणाले, "घरात तुम्ही उभयतां मुलीशी तिच्या भाषेत बोलता, असे माझ्या कानावर आले आहे. असे केलेत तर ती मराठी कधीच शिकणार नाही. कटाक्षाने बंद करा." बाबांनी घरी येऊन हे सांगितलं मात्र, आते चुलीपुढून ताडकन उठली. तिला हे फार दिवसांपासून हवंच होतं. कारण आईबाबा तिच्यासमोर माझ्या भाषेत बोलायचे, मध्येच हसायचे, आणि तिला काही कळायचं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीसमोर! शिवाय मी आईला 'मामा' म्हणायचे, आमच्याकडे तोच शब्द. ते ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या आणि आतेला शरमेने मेल्यासारखं व्हायचं. तिने पळी उगारून जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात ती तुमची आफ्रिका बंद! जो बोलात तेका जेवण नाय."

आणि बंद झाली, बघा. बाबा आयुष्यात कधी बहिणीच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. आईने दोन दिवस माझ्याकडे चोरून पाहिलं आणि तीही गप्प झाली. आदल्या दिवसापर्यंत ती मला झोपवताना 'लाला सलामा' म्हणायची, नीट झोप असं. त्या दिवशी म्हणाली, "झोप हां आता." मला वाटलं ती रागावली. मग वाटलं ती विसरली. मग मलाच राग आला, आणि माझा राग म्हणजे काय हे कपिलीला विचारा. माझ्या पोटात जे काही होतं ते सगळं त्याच भाषेत होतं. भूक त्यात, भांडण त्यात, ती जन्म देणारी बाई त्यात. तुम्ही माझी भाषा बंद करता काय? ठीक. मी तोंडच बंद करते. फिट्टंफाट. त्या दिवसापासून मी एक शब्द बोलले नाही. ना इकडचा, ना तिकडचा. आधी आईने बोलावं, मग मी बोलेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. फक्त हे आईला सांगायचं राहिलं, कारण सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

गप्प बसलेल्या माणसाचे कान किती लांब होतात! पहिल्यांदा शब्द नुसते आवाज होते, माडांच्या झावळ्यांसारखे, समुद्राच्या गाजेसारखे. मग त्यांतले काही आवाज रोज त्याच वेळी यायला लागले. 'पेज' सकाळी. 'खंय गेलो?' बाबा दिसेनासे झाले की. 'मेल्या' सगळ्यांना. 'आवशीक खाव!', म्हणजे आईला खा, पायाला ठेच लागली की. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी आते शेजारच्या सुलुवयनीला काहीतरी सांगत होती, आणि मी शेंगा सोलता सोलता एकदम हसले. मला गोष्ट कळली होती! अख्खी! दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पटकन शेंगेतली अळी उचलून दाखवली. "अळीक हसता," सुलुवयनी म्हणाली. "तेका काय कळता? बोल तू खुशाल." तिने हे वाक्य उच्चारलं आणि माझं नशीब उघडलं.

काय काय ऐकलं मी! गावात कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या सुनेने कुणाला काय सुनावलं, कुणी कुणाच्या कुळीथाच्या पिठीला नावं ठेवली. माझ्यासमोर लोक आवाजसुद्धा खाली करायचे नाहीत. आते सोमवार करायची, कडक. सगळ्या गावाला माहीत होतं, सोमवारी बाय माशाच्या वासालाही उभी राहत नाही. आणि सोमवारी दुपारी घर रिकामं झालं की हीच आते निखाऱ्यावर सुकी कोलंबी भाजायची, आणि आम्ही दोघी चुलीजवळ उकिडव्या बसून कुरुमकुरुम खायचो. "खा, खा," ती म्हणायची. "तू खंय कोणाक सांगतलंस!" बाबांना विडी बंद होती, तर ते आणि आणखी तीन प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटात, जमून ओढायचे. मी दारात बसून काजूबिया निवडायचे. माझं तिथे असणं त्यांना कपिलीच्या असण्याइतकंच होतं.

ऐकलेल्याचा मी उपयोगही केला, नाही असं नाही. आते संध्याकाळी आईला म्हणायची, "उद्या सकाळी तेका एरंडेल देवया. पोट साफ जातला." सकाळी मी काजूच्या झाडावर, शेंड्याला. आते खाली वाटी घेऊन उभी. असं तीनदा झालं. एकदा मासेवाली अंगणात पाटी टेकवता टेकवता जोडीदारणीला पुटपुटली, वरचे बांगडे आजचे, खालचे कालचे, म्हातारी कायच बगणा नाय. मी गेले आणि पाटी उलटी केली. आतेने वास घेतला, आणि तिच्या तोंडून काय निघालं असेल? "हपाना!" म्हणजे स्वाहिलीत 'नाही'. आईबाबांच्या भांडणांत ऐकून ऐकून तिच्या जिभेवर बसलं होतं. स्वतःचाच हुकूम स्वतः मोडला हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मासेवालीला तो काहीतरी भयंकर शाप वाटला. ती गेली ती दोन आठवडे फिरकली नाही. हळूहळू आते बायकांना सांगायला लागली, "ह्या चेडवाक सगळा आदीच कळता. साधासुधा नाय ह्या." बायका माझ्याकडे जरा बेतानेच बघायला लागल्या, आणि मला ते आवडलं.

शाळेत मात्र चित्र वेगळं होतं. हेडमास्तर तक्त्यावरच्या आंब्यावर छडी ठेवून विचारायचे, "हे काय आहे?" मी आंब्याकडे बघायचे. आंब्याला काय म्हणतात हे मला तीन भाषांत येत होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. वर्ष संपताना त्यांनी बाबांना पुन्हा बोलावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आता कळतं. गोव्यात नन्सची एक शाळा होती, राहायची सोय असलेली, आणि तिथल्या एका सिस्टरने वीस वर्षं आफ्रिकेत काढली होती. मुलीला तिच्या भाषेचं माणूस मिळेल, तिची वाचा परत येईल, असं हेडमास्तरांचं म्हणणं. बाबांनी 'बघू' म्हटलं. आतेने पत्र घालायला लावलं. आणि उत्तरही आलं, या म्हणून.

मला हे कळलं ते मे महिन्यात, मागल्या पडवीत. आम्ही तिघी रतांबे फोडत होतो, आमसुलं करायला. हात कोपरापर्यंत लाल, पडवीभर आंबट वास, वर माशा. आते म्हणाली, "जूनात शाळा सुरू जातली. तेच्या आदी पोचवया तेका. थंय तेची भाषा बोलणारी बाय आसा. आमच्याकडे रवान ता मुकाच रवतला गो." मी रतांबा हातात धरून बसले. आता आई नाही म्हणेल, मला वाटलं. आई बराच वेळ बिया काढत राहिली. मग म्हणाली, "माका वाटलेला, एकदा तरी हाक मारीत. थंय असताना दिसाक शंबर येळा मारी. आता नुसती बगता. तिका उपटून हाडलंय मी, वन्सं. माका ती आवस म्हणान मानणा नाय. थंय तरी हसात, बोलात." आणि ती लाल हातांनीच डोळे पुसायला लागली. कोकमाचा रस डोळ्यात गेला, ते आणखी पाणी यायला लागलं, आणि आते तिच्यावर ओरडत पाणी आणायला धावली.

मी तिच्यावर रुसले होते आणि तिला वाटत होतं मी तिला टाकली. इतक्या मोठ्या बाईला इतकं साधं कळू नये? पण मलाच तरी कुठे कळलं होतं? मी उठून गोठ्यात गेले आणि बोलून बघितलं. सात महिन्यांनी. आधी नुसती खरखर झाली. मग कपिलीच्या कानात मी म्हटलं, "आये." बरं आलं. पुन्हा म्हटलं. कपिलीने कान झटकला. मी पळत पडवीत आले, आईसमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि काही नाही! आई म्हणाली, "भूक लागली?" आणि मला केळं दिलं. पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. गोठ्यात मी घडाघडा बोलायचे, आईसमोर आले की दगड. आता हसू येतं. तेव्हा मला कळेना की हे तोंड माझं आहे की कोणाचं, आणि तिकडे ट्रंकेत माझे फ्रॉक घड्या होऊन पडत होते. मी त्या ट्रंकेला इतकी घाबरले होते की तिच्या बाजूने जातसुद्धा नव्हते.

जायचा दिवस सोमवार निघाला. सावंतवाडीची गाडी दहाला, तिथून पुढे गोव्याची. त्याआधी देवळात जायचं, कारण आमच्याकडे एवढी मोठी गोष्ट देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. बाबांनी ट्रंक उचलली, आतेने नारळ घेतला, आईने माझा हात धरला. रवळनाथाच्या देवळात गावचे मानकरी गावकर आणि दहापंधरा माणसं जमली होती. ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना सांगते: आमचं गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एक जण देवाला मोठ्याने मागणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. मागणं काय होतं हे ऐकलंच पाहिजे असं काही नाही. माणसं पान चघळत, धोतर झटकत, मनात भाताच्या तरव्याचा, म्हणजे रोपांचा, विचार करत होकार भरतात. देवाला ते चालतं.

गावकर पाय जुळवून उभे राहिले. "बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मानान घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यापलीकडसून इलेला ह्या चेडू मुका आसा, तेची वाचा फुटू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आईचा आवाज होता. माझ्या हातावरची तिची बोटं घट्ट झाली.

"आज ता गोंयाक जाता. हयला घर, हयली माणसा इसरान, थंय रमान जाव दी रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. 'नाय म्हाराजा' असं त्या देवळात कधी कुणी म्हटलं नव्हतं. गावकरांना वाटलं मागच्या कुणी टवाळकी केली. त्यांनी मान वळवून डोळे वटारले आणि तेच मागणं पुन्हा घातलं, जरा चढ्या आवाजात. "इसरान थंय रमान जाव दी रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा! नाय, नाय, नाय!"

आता सगळ्यांनी पाहिलं. मी होते. बाबांच्या हातातली ट्रंक धाडकन खाली पडली. मागून सुलुवयनी किंचाळली, "वारा इला! चेडू नाय, देव बोलता!" म्हणजे देव माझ्या अंगात आला. झालं! सगळ्यांचे हात जोडले गेले. वाचा फुटू दे म्हणून मागितलं आणि पुढच्याच मिनिटाला फुटली, तीही अस्सल मालवणीत, मग दुसरं काय समजणार ते? आणि ह्या पोरीला आधीच सगळं कळतं, हे आतेने गावभर करूनच ठेवलं होतं. गावकर बिचारे, जन्मभर देवाला मागणी घालत आले, उत्तर पहिल्यांदाच मिळालं. ते पुढे आले. "म्हाराजा, आमचा काय चुकला?"

मी देव नाही, मी नीमा आहे, असं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मान्य. पण आठ वर्षांच्या पोरीपुढे पंधरा मोठी माणसं हात जोडून 'आमचं काय चुकलं' विचारतात, असा मोका आयुष्यात किती वेळा येतो हो? आणि माझ्या पोटात सात महिने साठलेलं होतं.

"सगळा चुकला!" मी म्हटलं. "सोमवारची सुकी सुंगटा भाजून कोण खाता?"

सुंगटं म्हणजे तीच कोलंबी. आते धपकन गुडघ्यांवर बसली. "माफी कर रे म्हाराजा! दोनच खाल्लंय!"

"सात!"

"सात म्हाराजा, सात!"

"व्हय म्हाराजा!" मागच्यांनी सवयीने होकार भरला.

"मांगरात लपान विड्यो कोण ओढता?" यावेळी होकार आला नाही. चार जणांचे हात आपोआप खिशाकडे गेले, आणि बाबा ट्रंकेच्या कडीकडे बघायला लागले. मग मी गावकरांकडे नुसतं पाहिलं. त्यांच्याबद्दल मला खरं तर काहीच माहीत नव्हतं, पण ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "पावला म्हाराजा, पावला." पुढे कितीतरी वर्षांनी मी आतेला खरं सांगितलं. म्हटलं, आते, तो देव नव्हतो गो, मीच होतंय. आते म्हणाली, "देव खंय सांगता, मी देव म्हणान!" आणि विषय संपवला.

माझ्याजवळ अजून पुष्कळ होतं. एरंडेल होतं, काथ्या होता, तक्त्यावरचा आंबा होता. मी दम घेतला, आणि तेवढ्यात आई माझ्यासमोर येऊन बसली. तिने हात जोडले नव्हते. तिने पदराने माझं नाक पुसलं, कारण ओरडता ओरडता मी रडत होते आणि माझ्याच ते लक्षात आलं नव्हतं. देवाचं नाक कुणी पुसत नाही. मग देवासमोर, गावासमोर, गुडघ्यांवर बसलेल्या आतेच्या देखत, आईने माझ्या भाषेत विचारलं, "उनासेमा निनी, म्वानांगू?" काय बोलतेस गं, माझ्या लेकरा?

त्या बाजारातल्या, मोडक्या, घासाघिशीच्या स्वाहिलीने माझ्या अंगातला देव निघून गेला. मी तिच्या गळ्यात पडले. आणि जे पंधरा दिवस तिच्यासमोर येत नव्हतं ते आलं, तिच्या भाषेत.

"आये," मी म्हटलं. "माका धाडू नको. घराक जावया."

आई रडायला लागली. हे देव बोलला की पोर बोलली, याला होकार भरायचा की नाही, कुणालाच कळेना. गावकर आतेकडे बघत होते. बाबा आतेकडे बघत होते. आते अजून गुडघ्यांवर होती, हात जोडलेले, पण तोंड देवाकडे नव्हतं. ती आईकडे आणि माझ्याकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग गुडघे झटकत उठली, बाबांच्या पायाजवळची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली, आणि घराच्या वाटेला लागली.